साखळीतलं एक माणूस

जुलै महिन्यात आमच्याकडे इस्त्री कपड्यांच्या घडीसाठी नाही, लंगोट वाळवण्यासाठी लागायची. त्या दुपारी मी तेच करत होते. एक लंगोट, मग फोनकडे एक नजर, मग पुढचा लंगोट. कापडातून वाफ निघायची आणि खोलीभर बाळाच्या साबणाचा कोंदट वास पसरायचा. सृष्टी गादीवर पालथी झोपली होती. दहा महिन्यांची होती तेव्हा. बाहेर पाऊस नव्हता, हे मुद्दाम सांगते. आभाळ फक्त खूप खाली आलं होतं, आणि दुपारीच दिवेलागणीसारखा उजेड पडला होता.

फोनकडे सारखं बघायचं कारण म्हणजे ते माझं कामच होतं. वारज्यात नदीच्या अंगाला आमची चार मजल्यांची जुनी इमारत. आम्ही तळमजल्यावर भाड्याने राहायचो. मागच्या अंगणात एक कढीपत्ता होता, त्याच्यावर भाळून माझ्या नवऱ्याने, सलिलने, ती जागा घेतली होती. नदी दिसत नाही म्हणाला. नदीला आपण दिसतो का, हे विचारायचं मला सुचलं नाही. सृष्टी झाल्यावर मात्र मला सगळंच सुचायला लागलं. फोनवर हवामानाची तीन अ‍ॅप्स आली. धरण किती भरलं, विसर्ग किती क्युसेकने सुरू आहे, पुलापाशी पाणी कुठवर आलंय, हे मला आमच्या किराण्याच्या यादीपेक्षा जास्त पाठ असायचं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये वैजनाथकाकांनी सरळ जाहीर केलं, "पावसाच्या इशाऱ्याचं खातं स्पृहाबाईंकडे. हवामान खातं घाबरायच्या आधी त्या घाबरून राहिल्या असतात." सगळे हसले. मीही हसले. कारण ते खरंच होतं.

काका चौथ्या मजल्यावर राहायचे. मूळचे यवतमाळकडचे, खडकीच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, आणि सोसायटीचे सेक्रेटरी. पुरासाठीचे नियम त्यांनीच केले होते. इशारा आला की ते मेन स्विच पाडणार, म्हणजे पाण्यात करंट उतरायला नको. लिफ्ट आमच्याकडे नव्हतीच. मग लहान मुलं साखळीने वर. मूल कडेवर घेऊन कुणी जिना चढायचा नाही. आम्ही राहायला यायच्या आधीच्या पुरात एक बाई अशीच चढताना चिखलावर घसरली आणि मुलाचा हात मोडला, तेव्हापासूनचा हा दंडक. माणसांनी जिन्यात आपापल्या टप्प्यावर उभं राहायचं आणि मूल हातांतून हातांत वर द्यायचं. टॉर्च नाही, मोबाईल नाही, दोन्ही हात मोकळे. मे महिन्यात आम्ही याची तालीमसुद्धा केली होती, एका कलिंगडावर. ते सुखरूप चौथ्या मजल्यावर पोचलं आणि आम्ही ते गच्चीत कापून खाल्लं.

"कलिंगड रडत नाही, एवढं ध्यानात ठेवा म्हणजे झालं," दुसऱ्या मजल्यावरच्या सुनीतीबाई म्हणाल्या होत्या. निवृत्त शिक्षिका. त्यांचं कौतुकही कानाखाली ठेवून दिल्यासारखं यायचं.

तर त्या दुपारी, लंगोट अर्धा वाळला असताना फोन किंचाळला.

मेसेजची ती नेहमीची टिंग नव्हे. पडदाभर चौकट येते आणि अंगावर काटा येईल असा भोंगा वाजतो, तो. विसर्ग वाढवला आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सुरक्षित ठिकाणी जावं. मी ग्रुपवर टाकलं, "वर चला. साखळी." त्यावर कुणाचा तरी अंगठा आला, आणि इस्त्रीचा लाल दिवा विझला. काकांनी स्विच पाडला होता.

पंखा थांबल्यावर घर किती गप्प होतं, ते मला तेव्हा कळलं. त्या गप्पपणात एक आवाज होता. भांड्यातून हळूच पाणी ओतावं तसा. मागच्या दाराकडून.

मी सृष्टीला उचललं, दुपट्यात गुंडाळलं, वरून तिचा पिवळा रेनकोट घातला. दाराखालून आलेलं पाणी फरशीवर जिभेसारखं पुढे येत होतं. दार उघडून जिन्याच्या तोंडाशी जाईपर्यंत ते माझ्या पोटऱ्यांना लागलं. थंडगार, आणि सडक्या जलपर्णीचा वास.

समोरच्या घरातल्या यमुनाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, एकट्या राहायच्या. "अगं बाई, मला सोडून जाऊ नको गं," एवढंच म्हणाल्या.

पहिल्या मजल्यावर राहणारा योगेश पायऱ्या उतरून आला. त्या दिवशी त्याला कामाला सुट्टी होती. बाकी माणसं ऑफिसला. दुपारची वेळ, सगळी इमारत मिळून आम्ही मूठभर होतो. खाली मी आणि यमुनाबाई, पहिल्या टप्प्यावर योगेश, दुसऱ्यावर सुनीतीबाई, तिसऱ्यावर प्रज्ञेश म्हणून एक आयटीतला मुलगा, तो घरून काम करायचा, आणि वर वैजनाथकाका. माणसं कमी, म्हणून प्रत्येकाने खालच्या वळणापर्यंत उतरायचं, मूल घ्यायचं, वरच्या वळणापर्यंत चढायचं आणि द्यायचं.

"ताई, द्या तिला."

"मीच घेऊन येते ना रे... झोपेत आहे ती."

"ताई, नियम दर आठवड्याला तुम्हीच टाकता ग्रुपवर. आणि यमुनाबाईंना कोण धरणार?"

मी दिली. सृष्टीचं डोकं त्याच्या कोपरात नीट बसलंय ना, ते पाहिलं. पायऱ्यांवरून पिवळा रेनकोट वर गेला आणि वळणावर अंधारात दिसेनासा झाला.

आमचा जिना बंदिस्त. प्रत्येक वळणावर एक सिमेंटची जाळी, तीही पावसाचे शिंतोडे नकोत म्हणून निळ्या प्लास्टिकने झाकलेली. उजेड असतानाही तिथे पाण्याच्या तळाशी असल्यासारखं वाटायचं. आता तर नुसते आवाज होते. वर योगेश म्हणाला, "बाई, घ्या." सुनीतीबाई म्हणाल्या, "आण इकडे. अशी नाही, मान धर." मग चपलांचा आवाज वर गेला. मग पुन्हा सुनीतीबाई, जरा लांबून, "घे रे प्रज्ञेश. घेतलीस? हं."

माझ्या जिवात जीव आला. योगेश खाली परतला, आम्ही दोघांनी यमुनाबाईंना एकेक पायरी चढवलं. पहिल्या मजल्यावर त्यांना त्याच्या घरात खुर्चीवर बसवलं. पाणी तिथवर येणार नव्हतं. मग मी धावतच वर निघाले. दुसऱ्या मजल्यावर सुनीतीबाई कठडा धरून दम खात होत्या. "गेली वर, गेली," त्या म्हणाल्या. मी पुढे चढले. मधलं वळण आलं. तिथे पाऊल घसरलं. पायरी ओली होती.

मी तेव्हा थांबले नाही. नंतर विचार केला... पाणी तळमजल्यावर होतं. सुनीतीबाई कोरड्या होत्या. ती पायरी कशाने ओली होती?

तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर, उघड्या दाराच्या पुसट उजेडात, प्रज्ञेश दोन्ही हात पुढे करून उभा होता. शाळेतल्या मुलाला उभं राहायची शिक्षा केल्यासारखा.

"ताई? सृष्टी कुठंय?"

मला वाटलं तो थट्टा करतोय. "वर काकांकडे ना?"

"माझ्याकडे आलीच नाही अजून. मी इथंच उभा आहे. खाली उतरणारच होतो, म्हटलं बाई हाक मारतील."

"अरे, हाक मारली त्यांनी. घे म्हणाल्या. तू घेतलीस."

"ताई... मी नाही घेतली."

खालून सुनीतीबाईंचा आवाज आला. त्यात नेहमीची धार नव्हती. "काय झालं? दिली की मी. मधल्या वळणावर. हात होते तिथे. मी हातात दिली."

वरून काका ओरडले, "बाई, लेकरू आलं नाही वर अजून. का बरं वेळ लागून राहिला?"

खाली पाणी कुठल्यातरी रिकाम्या डब्याला भिंतीवर आपटत होतं. प्रज्ञेशने खिशातून मोबाईल काढला, टॉर्च लावायला गेला, आणि त्याच्या हातातून तो निसटून जिन्यातून खाली खडखडत गेला. त्याचा उजेड एकदा भिंतीवर फिरला आणि विझला.

आणि मग मला ऐकू आलं. मधल्या वळणावरून.

थोपटण्याचा आवाज. लहान मुलाला झोपवताना पाठीवर थोपटतात ना, तसा. संथ, एका लयीत. फक्त तळवा ओला असावा असा. चप्... चप्... चप्... आणि मध्येच सृष्टीचा तो झोपेतला हुंकार, दूध पिऊन पोट भरल्यावर ती देते तो.

ती सुखात होती. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मी उतरायला लागले. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. जलपर्णीचा वास वाढत गेला, आणि त्याखाली आणखी एक वास होता. खूप दिवस बंद राहिलेल्या ट्रंकेतल्या कपड्यांसारखा. मला काही दिसत नव्हतं. पण समोर कुणीतरी उभं आहे हे आपल्याला न बघताही कळतं, तसं कळत होतं. उंची साधारण माझ्याएवढी. श्वास नव्हता. थोपटणं चालू होतं.

मी हात पुढे केले. काय म्हणावं ते सुचेना. आणि बघा, अशा वेळीसुद्धा माणूस आपल्या वळणावर जातं. मी अहोजाहो केलं.

"अहो... द्या ना. माझी आहे ती."

थोपटणं थांबलं.

"द्या ना हो... मी आई आहे तिची."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग माझ्या हातांवर भार आला. ओलाचिंब, जड. रेनकोटचं प्लास्टिक नाही, अंगाला चिकटलेलं ओलं सुती कापड. मी तिला छातीशी ओढलं, पण ती येईना. दुसऱ्या बाजूनेही तिला धरलेलं होतं. माझ्या बोटांवर बोटं होती. थंड. आणि मऊ, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी सुरकुतलेली. ती रागाने ओढत नव्हती. नुसतं सोडवत नव्हतं त्यांना. पहिल्यांदा बालवाडीत मुलाला सोडताना आईची बोटं सुटत नाहीत, तशी.

मग एकेक करून सुटली.

वर कशी आले, आठवत नाही. काकांच्या घरी खिडकीतून उजेड होता. मी सृष्टीला टेबलावर ठेवून आधी तिचे कान, तिच्या पोटावरचा तीळ, मांडीवरची लशीची खूण पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. ती जागी होती आणि रडत नव्हती. आमची सृष्टी, जी दाराची बेल वाजली तरी रडायची. रेनकोट, दुपटं कुठेच नव्हतं. तिचं झबलं चिंब भिजलेलं होतं, आणि केसांत चिखलाचे बारीक कण.

"गर्दीत होऊन जातं असं," काका टॉवेल देत म्हणाले.

"गर्दी कुठे होती, वैजनाथराव?" सुनीतीबाईंचा आवाज कापत होता, तरी सवय जाईना. "साखळीत आपण पाचजण होतो. आणि कुणाच्या हातात काय दिलं ते कळत नाही, एवढी काही मी म्हातारी झाले नाही. बायकी हात होते. मी म्हटलं, प्रज्ञेशचे हात एवढे गार कसे..." त्या तिथेच थांबल्या आणि पदराने स्वतःचे हात पुसायला लागल्या. नंतर कितीतरी वेळ पुसत होत्या.

सृष्टीचं डोकं कोरडं करताना मला तिच्या उजव्या कानामागे एक ठिपका दिसला. तीट. काजळाची नव्हे, नदीच्या काळ्या गाळाची. पण बोटाच्या टोकाने अलगद लावलेली, अगदी गोल. मी तिला कधी तीट लावलेली नाही. मला ते पटत नाही. दृष्ट लागू नये म्हणून कुणीतरी माझ्या मुलीला तीट लावली होती.

मी ती पुसली. पुसल्यावर खालची कातडी गार लागली.

पाणी संध्याकाळी ओसरलं. सलिल ऑफिसातून रस्ते बदलत, अर्धं अंतर चालत पोचला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "तू घाबरली होतीस गं." मी घाबरलेलीच असते. खरं काही घडलं तरी माझ्याकडे दाखवायला वेगळा चेहरा नाही.

पण जागा बदलायला तो लगेच तयार झाला. वैजनाथकाकांच्या जुन्या ओळखीने खडकीला घर मिळालं. तिसरा मजला, रुंद उघडा जिना, चारही बाजूंनी उजेड. इथे मी कुणालाच काही सांगितलं नाही. मला वाटलं, संपलं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी फोन पुन्हा किंचाळला. अतिमुसळधार पावसाचा इशारा. सृष्टी माझ्या कडेवर होती, मी तिला मऊ भात भरवत होते. भोंगा वाजला आणि ती दचकली नाही. तिने दाराकडे पाहिलं. मग दोन्ही हात पुढे केले. ओळखीचं माणूस घ्यायला आलं की मुलं करतात ना, तसे.

दारात कुणी नव्हतं. पण माझ्या कमरेवरचा तिचा भार हलका झाला. क्षणभरच. कुणीतरी समोरून तिच्या काखेत हात घालून तिला उचलायला घ्यावं, तसा. मी तिला घट्ट धरलं. किती घट्ट, ते तिच्या दंडावरचे वळ बघून मला नंतर कळलं. भार परत आला. फरशीवर, उंबऱ्याच्या आत, दोन ओले ठसे होते. सलिल म्हणाला, छत्री ठिबकली असेल.

पुढच्या इशाऱ्याला तसंच झालं. त्याच्या पुढच्यालाही. दर वेळी ती जास्त वेळ हलकी राहायची.

मग मी बसून विचार केला, जसा एखाद्या शिकलेल्या बाईने करावा. इशारा आला की आधी लहान मुलं न्यायची, हा नियम आम्ही त्या जिन्यात उभं राहून मोठ्याने शिकवला होता. ऐकणाऱ्यांत आणखी कोण होतं, कुणाला माहीत? त्या ओल्या हातांच्या बाईच्या मनात काही वाईट नसेलही. ती फक्त साखळीत उभी आहे. तिला मूल पुढे द्यायचंय. पण तिच्या पुढे कोण उभं आहे, आणि ते सृष्टीला कुठे घेऊन जाणार, याचा विचार माझ्याच्याने पुरा होत नाही.

इशारे बंद करावेत, तर खरोखर पाणी आलं तेव्हा कळणार कसं? चालू ठेवावेत, तर प्रत्येक भोंग्याला तिला बोलावणं जातंय. आठवडाभर मी फोन हातात घेऊन बसले. शेवटी सगळं बंद केलं. तिन्ही अ‍ॅप्स काढून टाकली, ते भोंग्याचं बटण बंद केलं, सलिलच्या फोनवरचंही. वारज्याच्या ग्रुपमधून बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदा मला उद्याचं हवामान माहीत नव्हतं. काय सांगू, दोन दिवस छान झोप लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सृष्टी खेळता खेळता थांबली आणि तिने दाराकडे हात केले. घरात चिटपाखरू नाही, फोन गप्प. मी धावत जाऊन तिला उचललं, तर जवळजवळ वजनच नव्हतं. रिकामं झबलं उचलल्यासारखं. मी तिला कवटाळून बसले, कितीतरी वेळ. आणि मग, भार परत आल्यावर थोड्या वेळाने, खालच्या मजल्यावर कुणाचा तरी फोन किंचाळला. मग शेजारी. मग रस्त्यापलीकडच्या इमारतीत. सगळीकडे एकच भोंगा.

म्हणजे त्या बाईला आमच्या फोनची गरज नव्हतीच.

आता ऑक्टोबर संपत आलाय. पाऊस कधीच परत गेला. बाहेर स्वच्छ ऊन आहे. आज सकाळी मी पुन्हा सगळी अ‍ॅप्स घेतली, नीट वाचली. पावसाची शक्यता नाही. विसर्ग बंद. कुठेही कसलाही इशारा नाही. सलिल संध्याकाळी येईल. शेजारी लोक आहेत, हाक मारली तर येतील. हे सगळं मी स्वतःला मोठ्याने सांगितलंय.

पण सृष्टीने सकाळपासून हात खाली घेतलेले नाहीत. आत्ता तुम्हाला हे सांगतेय तेव्हा ती माझ्या मांडीवरच आहे. मी दोन्ही हातांनी धरलंय तिला. दिसतेय ती मला, हसतेय दाराकडे बघून.

फक्त तिचं वजन काही लागत नाहीये.